ओरूला दिलेला आवाज

आमच्या घरी फोन वाजला की तो उचलायचा नाही, हा नियम फक्त मला होता. मम्मी पोळ्या लाटत असो की शिलाई मशीनवर बसलेली असो, पप्पा अंघोळीला गेलेले असोत, फोन वाजून वाजून थांबला तरी चालेल, पण रेवतीने हात लावायचा नाही. हे कधी कोणी रागावून सांगितलं नव्हतं. मी सहावी-सातवीत असताना एकदा मम्मीच्या गिऱ्हाईक बाईंचा फोन आला, मी 'हॅलो' म्हणाले, आणि पलीकडून आलं, "अहो, वहिनींना सांगा ना, फॉल लावून झाला असेल तर येते." मला पप्पा समजून. मी मम्मीला निरोप दिला. ती हसली नाही. तिने मशीनवरचा पाय काढला, फोन हातात घेतला, पदराने पुसला आणि उंच फळीवर, माझा हात पोचणार नाही अशा ठिकाणी ठेवला. मी तेव्हाच जवळजवळ तिच्याएवढी उंच होते, हात सहज पोचत होता. पण पोचवायचा नाही, एवढं मला कळलं.

माझा आवाज खालचा आहे. घोगरा नाही, बसका नाही, नुसता खालचा. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी घशात आरसा घालून बघितलं आणि मम्मीला म्हणाले, "काही झालेलं नाही. आवाज आहे तो." मम्मीला हे निदान पटलं नाही. मग मिठाच्या गुळण्या आल्या, मध-मिरी आली, आणि कायमचं मुक्कामाला आलं ते ज्येष्ठमध. त्याच्या काड्यांची डबी तिच्या मशीनच्या खणात, बॉबिन आणि सुयांच्या शेजारी असायची, त्यामुळे त्या काड्यांना मशीनच्या तेलाचा वास यायचा. शाळेत जाताना एक काडी तोंडात, आल्यावर एक. आधी गोड, मग मातीसारखं, आणि शेवटी दातांत अडकलेला ओला चोथा. आजही कुणी खोकल्याच्या गोळीत ज्येष्ठमध घातलेलं असलं तर माझ्या जिभेच्या मुळाशी तेलकट पाणी सुटतं. किळस ही आठवणीपेक्षा जास्त टिकते, असं मला वाटतं. कोणत्या वर्षी काय झालं ते मी विसरले, पण तो चोथा विसरले नाही.

इंग्लिश मीडियमच्या शाळेत गॅदरिंगला मला एकदा वादळाचं काम मिळालं होतं. पडद्यामागे उभं राहून माइकमध्ये 'हूऽऽ' करायचं. बाकीच्या मुली पऱ्या होत्या. बाईंनी मम्मीला कौतुकाने सांगितलं, "व्हॉट अ पॉवरफुल व्हॉइस!" मम्मीने थँक्यू म्हटलं आणि घरी आल्यावर गुळणीसाठी पाणी गरम केलं. हळूहळू मी कमी बोलायला शिकले. लोक म्हणायचे, मुलगी लाजाळू आहे. मी लाजाळू नव्हते, मी जपून होते. पण दोन्हींत फरक आहे हे बाहेरून दिसत नाही, आणि पुढे पुढे आतूनही दिसेनासं होतं.

न बोलणाऱ्याला ऐकू खूप येतं. नाशिकला इंदिरानगरच्या आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या हॉलमध्ये दिवसभर मम्मीच्या मशीनची टर्रर्र आणि तिच्या गिऱ्हाइकांची बोलणी चालायची. मम्मी येवल्याची, पैठणीला फॉल लावावा तर तिनेच, अशी आमच्या भागात तिची ख्याती होती. बायका साडी घेऊन यायच्या, दिवाणावर टेकायच्या आणि बोलत राहायच्या. त्यांच्या बोलण्याची एक रीत मी फार लवकर टिपली. घरातलं अवघड काही सांगायचं असलं की वाक्यातून माणूस गायब व्हायचा. "आमच्याकडे नोकरी चालत नाही." "घरून परवानगी नाही मिळाली." "तसं ठरलं होतं, पण मग राहिलं." नवऱ्याने मारलं असलं तरी "परवा जरा झालं आमच्याकडे" असं म्हणून त्या हाताला चहाचा कप लावून शेकत बसायच्या. मम्मीला सगळं कळायचं. सुईत दोरा ओवता ओवता ती नुसतं "हं" करायची. मी गॅलरीच्या दारात पुस्तक घेऊन बसलेली असायचे आणि मला वाटायचं, किती गुळगुळीत बोलतात या, मेणकापडासारखं. वर काही ठरतच नाही.

पदवी झाल्यावर मी घरापासून चालत दहा मिनिटांवरच्या एका ऑफिसात लागले, ते केवळ तिथे बोलावं लागणार नव्हतं म्हणून. डेअरीच्या वरच्या मजल्यावर तीन खोल्या. एकेकाळी तिथे रिक्षावरून फिरणाऱ्या घोषणा रेकॉर्ड व्हायच्या, सेल, सर्कस आणि निवडणुका. आता प्रमोद सरांनी बाहेरच्या कंपन्यांकडून मोबाइल गेम मराठीत करायचं काम मिळवलं होतं. सर चाळिशीचे, सतत उत्साही, खांद्यावर हात ठेवून बोलणारे. आतल्या काचेच्या खोलीत बापू बसायचे. बापू सटाण्याकडचे, ऑर्केस्ट्रात आयुष्य गेलेले, आता रेकॉर्डिंग सांभाळायचे. आणि ग्राफिकवाले दोघं. बाई मी एकटी.

तिथे एक दिवस माझ्या ओळखीचा गेम आला. बारावीपासून मी तो इंग्रजीत खेळत होते. एक दलदल असते, गावं बुडालेली असतात, आपण घर शोधत असतो. दलदलीत तराफा घेऊन ओरू भेटतं. ओरू म्हणजे अंगभर लव्हाळ्याचा झगा आणि चेहरा झाकणारी रुंद टोपी घातलेलं एक पात्र, जे आपल्याला पलीकडे सोडतं आणि फारच थोडं बोलतं. जुन्या आवृत्तीत ओरूला आवाज नव्हता, नुसती अक्षरं उमटायची. ओरू बाई आहे की पुरुष, हा प्रश्न मला इतक्या वर्षांत पडला नव्हता. खरं सांगायचं तर त्या तराफ्यावर तो प्रश्न मलाही कोणी विचारत नव्हतं, म्हणून मी तिथे पुन्हा पुन्हा जात होते.

आता नव्या आवृत्तीत प्रत्येक भाषेत आवाज द्यायचा होता. कंपनीने एक लांबलचक शीट पाठवली होती, प्रत्येक भाषेचा एक रकाना. मूळ भाषा पूर्वेकडची, तिच्यात बोलणारं बाई की पुरुष हे ठरवावंच लागत नाही. इंग्रजीत मोघम. बांगलावाल्यांनाही काही करावं लागलं नव्हतं. हिंदीत मात्र ओरूचा बाप्या झाला होता, युरोपातल्या दोन भाषांत बाई, एका भाषेत आधी बाई आणि मग तक्रारी आल्यावर पुरुष. खेळणारे एकमेकांशी भांडत होते, ज्याने ज्या भाषेत खेळलं त्याला आपलंच खरं वाटत होतं. ते रकाने वाचताना मला एकाच माणसाची निरनिराळ्या गावच्या पाहुण्यांनी केलेली पाहणी वाचतेय असं वाटलं.

"चला, आपण निकाल लावू," प्रमोद सर म्हणाले आणि त्यांनी ओरूचं चित्र भिंतीवरच्या टीव्हीवर घेतलं. सकाळची वेळ होती, खालून कुणी पोहे आणले होते. ग्राफिकवाल्यांनी चित्र मोठं केलं, आणखी मोठं केलं. टोपी पडद्याबाहेर गेली, पाय गेले, मधलं धड उरलं.

"सर, इथं बघा, इथं उभार आहे."

"त्या झग्याच्या चुण्या आहेत रे."

"चुण्या अशा गोल असतात का? तुझं लग्न झालंय ना?"

"कंबर बघ, कंबर. कंबर खोटं बोलत नाही," सर म्हणाले. "चालताना दाखव."

मग त्यांनी ओरूला चालवलं. पुढे, मागे, परत पुढे. एकाने पडद्याजवळ जाऊन बोट लावून दाखवलं आणि पोह्यांच्या तेलाचा डाग ओरूच्या छातीवर उमटला. सगळे हसले. मी कोपऱ्यात डबा मांडीवर घेऊन बसले होते आणि माझे खांदे आपोआप पुढे वाकले होते. महिनाभरापूर्वीच आमच्या हॉलमध्ये एका घरचे लोक आले होते आणि "जरा पाण्याचा तांब्या आण गं बाळ" म्हणून मला या टोकाकडून त्या टोकाला चालवलं होतं. पाणी कोणी प्यायलं नव्हतं. दोन्हीकडे लोक वाईट नव्हते, हीच तर घाणेरडी गोष्ट आहे. सर मला डबा खाल्लास का म्हणून रोज विचारायचे. पण तो डाग टीव्हीवर कित्येक दिवस तसाच होता, आणि शेवटी मी सगळे जेवायला गेलेले असताना ओढणीच्या टोकाने तो पुसला. पुसल्यावर ओढणी धुतली. तरी बोटांना वास येतोय असं वाटत राहिलं.

निकाल काही लागला नाही. कोणीतरी म्हणालं, सरळ 'ते आलं, ते गेलं' करून टाका. म्हणजे मांजराच्या पिल्लासारखं. शेवटी कंपनीचंच पत्र आलं, की हे पात्र काय आहे ते कोणत्याही भाषेने ठरवू नये, जिथे ठरवलं गेलं तिथे आम्ही दुरुस्त करतो आहोत. सरांनी ते पत्र माझ्या टेबलावर ठेवलं. "रेवती, हे तू बघ. तू तशीही न बोलता बोलतेसच."

तीन आठवडे मी ओरूची वाक्यं लिहीत होते. ज्या भाषेत 'मी आलो' की 'मी आले' हे पहिल्याच श्वासात सांगावं लागतं, तिच्यात एक अख्खं माणूस न सांगता उभं करायचं होतं. पहिले काही दिवस माझी वाक्यं सरकारी नोटिशीसारखी झाली. मग एका सुट्टीच्या दुपारी हॉलमध्ये मशीन थांबलं आणि एक बाई म्हणाल्या, "नाही, आता नाही जमायचं. इतकी वर्षं झालं ते झालं." आणि मला कळलं की ही भाषा मी लहानपणापासून ऐकत आले आहे. मी इंदिरानगरच्या बायकांचं बोलणं घेतलं आणि ओरूच्या तोंडात घातलं. 'पाणी चढतंय. दिवा जवळ असू दे.' 'इथवर सोबत होती. पुढची वाट तुझी.' 'मागं वळून बघायचं नाही.' कुठेही खटकत नव्हतं. कोणी तरी काही लपवतंय असंही वाटत नव्हतं. स्वयंपाकघराच्या गॅलरीत उभी राहून मी ती वाक्यं हळू आवाजात म्हणून बघायचे, आणि आतून मम्मी ओरडायची, "पुटपुटू नकोस गं, दूध उतू जाईल!"

आवाजासाठी नमुने आले ते ऐकवत नव्हते. पुरुष बाईचा आवाज काढत होते, बायका पुरुषाचा, आणि प्रत्येक जण काहीतरी सुचवत होता, एक तर चक्क शेवटी खिदळला होता. बापूंनी मान हलवली आणि वेळ मोजायला म्हणून मला काचेच्या खोलीत बसवून वाक्यं वाचायला लावली. मी वाचली. कागद खाली ठेवला तर बापू काचेपलीकडे डोळे मिटून बसले होते.

"तुना आवाज भारी शे पोरी," ते म्हणाले. "आतापर्यंत कुठं ठेवेल व्हता?"

त्यांनी हेडफोन माझ्या कानांना लावले आणि माझाच आवाज मला ऐकवला. दलदलीचं पाणी, तराफ्याची करकर, आणि 'पाणी चढतंय.' त्या आवाजाला काही झालेलं नव्हतं. डॉक्टर म्हणाले होते तसा तो नुसता आवाज होता. पुढचे चार दिवस ओरूचं रेकॉर्डिंग माझ्याच आवाजात झालं, आणि मी ज्या आनंदात होते तसा आनंद मला त्याआधी झाला नव्हता. सरांना एकच अट घातली, नाव कुठे द्यायचं नाही. सर म्हणाले, "प्रॉमिस." घरी मी सांगितलं की टायपिंगचं काम वाढलंय.

नाव त्यांनी दिलं नाही, हे खरं आहे. त्यांनी स्पर्धा लावली. गेम आला त्या आठवड्यात ऑफिसच्या पानावर माझ्या आवाजाचा पंधरा सेकंदांचा तुकडा टाकला आणि खाली मोठ्या लाल अक्षरांत: 'ओळखा पाहू! बाई की बाप्या?' बरोबर ओळखणाऱ्याला इयरफोन. मी ऑफिसात पोचले तेव्हा सर पेढे वाटत होते. "आपला आवाज गाजतोय!" पेढा त्यांनी माझ्या तोंडाशी धरला आणि मी तो गिळला, कारण नाही म्हणायला तोंड उघडावं लागलं असतं आणि पेढा आधीच ओठांवर होता. मग मी मोबाइल बघितला. कोणी माझा आवाज रेड्याच्या तोंडी लावला होता. कोणी घोड्यावरच्या नवऱ्याच्या. एकाने मागे टाळ्यांचा आवाज घातला होता, तशा टाळ्या, सिग्नलला वाजतात तशा, आणि खाली हसून हसून रडणाऱ्या तोंडांची रांग. ओरूला काय म्हणायचं आहे ते कोणीच ऐकत नव्हतं. पोह्यांच्या तेलाचं ते बोट आता हजारो जणांना फुटलं होतं. मी बेसिनवर जाऊन पेढा थुंकायला बघितलं, पण तो गिळलेला होता, आलं ते फक्त गोड पाणी.

"सोमवारी निकाल सांगू," सर म्हणाले. "तू फक्त पाठमोरी उभी रहा. चेहरा नको, नाव नको. पाठमोरी वळायचं, केस सोडायचे, आणि बूम!"

"नाही," मी म्हणाले.

"अगं विचार कर. सोमवारपर्यंत सांग."

रविवारी येवल्याला पूजाचा साखरपुडा होता. पूजा माझ्या मामाची मुलगी. आणि त्याच समारंभात निफाडची काही मंडळी मला सहज म्हणून बघणार होती. मुलगा पुण्याला नोकरीला, घरी द्राक्षांची बाग, माणसं समजूतदार. मुलगा स्वतः येणार नव्हता, त्याची आई आणि काकू येणार होत्या. मम्मीने एसटीतच मला बजावलं, "विचारलं तर हसून मान हलव. मी सांगेन, घसा बसलाय म्हणून. कुल्फी खाल्ली असं सांगेन." आणि पर्समधून डबी काढून माझ्या हातावर काडी ठेवली. मी तेवीस वर्षांची होते. मी ती काडी चघळली. निफाड मागे गेलं, विंचूर गेलं, तोंडात चोथा होत राहिला.

मामाच्या हातमागाच्या शेडमध्येच मांडव होता. माग एका बाजूला सरकवून त्यांच्यावर चादरी टाकल्या होत्या, तरी एका मागावरची अर्धी विणलेली पैठणी चादरीखालून डोकावत होती. साखरपुडा झाला, आमरस-पुरीचं जेवण झालं. बायका पानं लावत शेडमध्ये पसरल्या. निफाडच्या बाई, मुलाची आई, माझ्या शेजारी बसल्या होत्या. मोठं कुंकू, प्रेमळ चेहरा. मम्मीचं घशाचं सांगून झालं होतं आणि त्यांचा हळद-दुधाचा सल्लाही देऊन झाला होता. माझ्या वाटीत थोडा रस उरला होता, त्याच्यावर साय धरली होती आणि कडेला एक माशी चिकटून पाय हलवत होती.

तेवढ्यात पूजाने मोबाइल काढला. "अगं आत्या, हे ऐकलंस का? नाशिकचंच आहे म्हणतात. ओळख, बाई का बाप्या?"

आणि शेडमध्ये माझा आवाज आला. 'पाणी चढतंय. दिवा जवळ असू दे.'

माझी मावशी, मम्मीची थोरली बहीण, पान थांबवून म्हणाली, "बाई न्हाय गं बाई! बाप्याच हाय. लय पिलेला बाप्या."

"न्हाय हो, बाईच हाय, विडी वढीत असंल."

"दोन्ही न्हाय, मधलंच हाय!" कोणीतरी टाळी वाजवली आणि शेड हसण्याने भरून गेली. पूजा म्हणाली, थांबा, मतदान घेऊ. बाप्यासाठी हात वर करा. हात वर होऊ लागले, मेंदी लागलेले, बांगड्या भरलेले. मी मम्मीकडे बघितलं. तिचा हात वर होता. ती सगळ्यांत जास्त हसत होती, डोळ्यांतलं पाणी पुसत होती, आणि म्हणाली, "बाईमाणूस असं बोललं असतं तर घरात ठेवलं असतं का कुणी?"

तेव्हा निफाडच्या बाई माझ्याकडे वळल्या, खरंच मायेने. "आमच्या पोरीला तर विचारा! घसा बसला म्हणून काय झालं, हात तर वर करशील? सांग बरं बाळ, बाई का बाप्या?"

मी त्या वाटीतल्या माशीकडे बघत होते. मला सगळ्याचीच शिसारी आली होती, त्या रसाची, त्या हातांची, घशात उतरलेल्या ज्येष्ठमधाची, आणि सगळ्यांत जास्त माझी स्वतःची, कारण माझाही हात मांडीवरून थोडासा उचलला गेला होता. बाप्याच्या बाजूने. मी तो खाली ठेवला. वाटी बाजूला सरकवली. आणि म्हणाले, "पाणी चढतंय. दिवा जवळ असू दे."

आवाज मोबाइलमध्ये होता तसाच. बापूंच्या काचेत बसून काढला होता तसाच.

बाहेर भांडी आदळत होती तेवढाच आवाज. पूजाने मोबाइलकडे बघितलं, जणू तोच पुन्हा वाजला. मग मावशी म्हणाली, "अगंऽ बाई," आणि पदर तोंडाला लावला. निफाडच्या बाईंचा हात माझ्या गुडघ्यावर होता, तो त्यांनी एकदम काढला नाही. हळूहळू काढला. पान घेण्यासाठी काढतोय असं दिसेल असा काढला. झटकला असता तर मी एवढ्यात विसरले असते.

परतीच्या एसटीत मम्मी खिडकीशी बसली होती. निफाड आलं तेव्हा तिने बाहेर बघितलं नाही.

"मला पहिल्याच दिवशी कळलं होतं," ती म्हणाली. "पूजाने पाठवलं होतं ते. चार वेळा ऐकलं मी. गॅलरीत तू तेच पुटपुटत होतीस."

"मग हसलीस कशाला? हात वर का केलास?"

"सगळ्या हसत होत्या. मी नसते हसले तर सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं असतं. मग तुझ्याकडे."

तिला कळलं नव्हतं, असं धरून मी तिला माफ करायच्या तयारीत होते. तिला कळलं होतं, आणि तिने मला वाचवण्यासाठी मलाच हसून घेतलं होतं, आणि ते प्रेम होतं. या गोष्टीचं काय करायचं ते मला अजूनही नीट ठाऊक नाही. तिच्यावर रागावले की फळीवरचा फोन पुसणारा तिचा पदर डोळ्यांपुढे येतो, आणि पदर आठवला की वर केलेला हात.

सोमवारी मी सरांना सांगितलं की मी पाठमोरी उभी राहणार नाही आणि उद्यापासून येणारही नाही. ते दुखावले. "तुझ्यासाठीच केलं होतं हे सगळं," म्हणाले. बापू जिन्यापर्यंत आले, काही न बोलता माझ्या डोक्यावर हात ठेवून परत गेले. संध्याकाळी सरांनी निकाल लावून टाकला: बाप्या. कुणालातरी इयरफोन मिळाले. म्हणजे मी हरले की जिंकले, ते मला कळलेलं नाही. वर्षभराने नवी आवृत्ती आली तिच्यात मराठीपुरते दोन आवाज दिले आहेत, खेळणाऱ्याने सुरुवातीलाच निवडायचा, पुरुषी किंवा बायकी. दोन्ही माझे नाहीत. वाक्यं मात्र माझीच आहेत. दोघंही तीच म्हणतात, आणि वाक्यांना काहीच फरक पडत नाही. परवाच मी पुन्हा ऐकलं. निवडायला लावणारा तो पहिला पडदा पार करताना मला अजून बोटाला तेल लागल्यासारखं वाटतं.

नोकरी सोडली त्याच्या दुसऱ्या दिवशी, मंगळवारी सकाळी मम्मी मशीनवर होती, एका जांभळ्या पैठणीला फॉल लावत होती. फोन फळीवर वाजला. तिचे दोन्ही हात साडीत होते. मी उठले आणि फोन उचलला.

"हॅलो, दादा, जरा ताईंना देता का? निफाडहून बोलतेय."

"मी रेवती बोलतेय."

मग त्याच प्रेमळ आवाजात, "हां, बाळ. तसं काही नाही. आमच्याकडे जरा विचार बदललाय. आता लगेच करायचं नाही असं ठरलंय. मम्मीला सांगशील?"

विचार बदललाय. ठरलंय. कोणी बदलला, कोणी ठरवलं, कुठेच कोणी नव्हतं. माझ्या तीन आठवड्यांच्या मेहनतीची भाषा, ओरूची भाषा, फोनमधून माझ्याच कानात ओतली जात होती. ज्या भाषेचा मला अभिमान वाटला होता ती मी कुठून उचलली होती ते मला तेव्हा लख्ख दिसलं. ओरूला सांगायचं नव्हतं, म्हणून ओरू सांगत नव्हतं. आम्ही सगळे मात्र तोंड लपवत होतो, आणि दोन्हीकडे शब्द तेच होते. "सांगते," मी म्हणाले आणि फोन ठेवला. फळीवर नाही, मशीनशेजारी.

"कुणाचा होता?"

"निफाडचा. त्यांनी नाही म्हटलंय."

"असं म्हणाल्या त्या?"

"नाही. विचार बदललाय म्हणाल्या. पण त्यांनी नाही म्हटलंय."

मम्मीने बराच वेळ साडीच्या काठावरून बोट फिरवलं, कुठे टाका सुटलाय का बघत. मग मशीन सुरू केलं. टर्रर्र. एक काठ संपला, तिने साडी वळवून घेतली, दुसरा काठ सुईखाली धरला, आणि तेवढ्यात फोन पुन्हा वाजला. तिने फोनकडे बघितलं. त्याच्या शेजारीच खण अर्धा उघडा होता, डबी त्यातच होती. तिने पायाने मशीन थांबवलं नाही.

"बघ गं कुणाचाय," ती म्हणाली.

मी फोन उचलला. "बोला," म्हणाले.